धा वर्सांनी काय?

करंजाच्या धक्क्यावर बोट लागलीय. बर्फाचा चुरा, डिझेलचा वास आणि मधोमध मांदेलीचा ढीग. बाकीच्या बायका ढिगाभोवती उकिडव्या बसल्यासुद्धा, हात चालू झाले: मांदेली इकडे, कोळंबी तिकडे, बारीकसारीक सुकवायच्या पाटीत. तू अजून उभी आहेस.

“बस ना गो. उभी कनाला?”

तू बसून बघतेस. अर्ध्यापर्यंत ठीक असतं. गुडघे छातीकडे येऊ लागले की उजव्या जांघेत, अगदी आत, दाराच्या फटीत बोट सापडावं तशी कळ येते. शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन तू उठतेस आणि नकळत खुबा धरतेस. अंगठा मागे कुल्ल्यावर, बाकीची बोटं पुढे जांघेत. खुब्याच्या आतलं दुखणं असलेली माणसं हात असाच ठेवतात. वरून बघितलं तर हाताचा आकार इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा दिसतो, म्हणून डॉक्टर लोक याला ‘सी’ची खूण म्हणतात. पाठ दुखली तर माणूस पाठीवर हात ठेवतो. हे दुखणं मागच्या आणि पुढच्या बाजूच्या मधोमध कुठेतरी असतं, म्हणून ते दोन्हीकडून पकडावं लागतं.

तुझं वय छत्तीस. दोन वर्षं झाली याला. आधी पाठीचं म्हणून झालं, मग बायकांचं काहीतरी म्हणून झालं, मग अंतर्गळ आहे का ते बघून झालं. शेवटी मोऱ्याहून लाँच धरून भाऊच्या धक्क्याला उतरलीस, मुंबईच्या डॉक्टरने एमआरआय काढला आणि काळी फिल्म दिव्यावर लावून दाखवली. खुबा म्हणजे एक वाटी आणि तिच्यात बसलेला गोळा. वाटीच्या काठाला चिवट कूर्चेची झालर असते, नळाच्या वायसरसारखी. तिचं नाव लॅब्रम, लॅटिनमध्ये ओठ. तुझ्या त्या ओठाला चीर गेलीय. दोन-तीन भोकं पाडून दुर्बिणीतून ती शिवता येईल.

तू विचारलंस, “आन धा वर्सांनी काय?”

डॉक्टर थांबला. तो चांगला डॉक्टर असणार, कारण थांबला.

त्याच्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते तुझ्याबद्दलचं नव्हतं. दहा वर्षांनंतरचं बघायला पुढे कुणालाच जाता येत नाही. ज्यांची दहा वर्षं भरून गेलीत त्यांच्याकडे मात्र मागे जाता येतं. तेव्हा पाटी शेजारणीकडे दे आणि समोरच्या लाँचमध्ये चढ. तिकीट रेवसचंच काढ. डावा पाय आधी टाक, उजवा दुखतो.

इंजिन सुरू होतं, द्रोणागिरी मागे सरकतो आणि खाडीवर धुकं उतरतं.

धुकं विरतं तेव्हा लाँच रेवसला लागलेली नाही. समोर करंजाच आहे, पण दीडशे वर्षांपूर्वीचं. जेट्टी नाही, डिझेल नाही. 1782 च्या सालबाईच्या तहानंतर साष्टीबरोबर हे बेटही इंग्रजांकडेच राहिलं, आणि सरकारी दप्तरात ते पनवेलखाली मोडतं. मिठागरं दूरवर पसरलीत. एक बाई मिठाच्या ढिगाशी वाकलीय, उठताना तिचा हात खुब्यावर जातो. तोच ‘सी’. लुगडं जरा सरकतं तेव्हा तुला दिसतो बिब्ब्याचा जुना काळा डाग, त्याच्या शेजारी तापल्या लोखंडाचा एक. तिच्या दुखण्यावर एवढंच औषध आहे, आणि ते दोनदा करून झालंय. हनुमान द्रोण पर्वत नेत असताना त्याचा तुकडा इथे पडला आणि त्याचा हा डोंगर झाला, असं गावात सांगतात. म्हणजे संजीवनी डोक्यावर उभी, आणि पायथ्याच्या बाईच्या खुब्यावर बिब्बा. तिला दहा वर्षांनी काय, हे विचारू नकोस. ती तुझ्याकडे बघून मीठ ओढू लागते.

इथे जास्त थांबायला नको. लाँच भोंगा देते.

पुढचा धक्का टोकियोचा, साल 1918. विद्यापीठातल्या एका थंड खोलीत टेबलावर प्रेत आहे आणि केंजी ताकागी नावाचा डॉक्टर त्याच्या गुडघ्यात एक नळी घालतोय. ती नळी मूत्राशयात डोकावण्यासाठी बनवलेली. गुडघ्यात काय दिसतं ते तो बघतोय, कारण त्या काळी गुडघ्याचा क्षयरोग सर्रास व्हायचा आणि रोग बरा झाला तरी गुडघा काठीसारखा ताठ राहायचा. जपानी घरात सगळं जमिनीवर. जेवण जमिनीवर, पाहुण्यासमोर बसणं जमिनीवर, शौचाला बसणं तेही उकिडवं. ताठ गुडघ्याचा माणूस तिथे जिवंत असून घरातून उठल्यासारखाच. म्हणून गुडघा ताठ होण्याआधी, रोग कोवळा असताना, आत डोकावायचं होतं.

तुला हे कुणी समजावून सांगायला नको. सांध्यात दुर्बीण घालायची कल्पना जमिनीवर बसणाऱ्या माणसांच्या गरजेतून वाढली, ही गोष्ट मात्र लक्षात ठेव. पुढे ती खुर्चीवर बसणाऱ्यांच्या देशात जाईल आणि हे विसरून जाईल. ताकागीने पुढे 1939 मध्ये चार खुब्यांतही दुर्बीण घातल्याचं नोंदवलं. पण ते खुबे रोगाने आधीच खराब झालेले होते. निरोगी, घट्ट बसलेल्या खुब्याचा अनुभव एकाने त्याआधीच घेतला होता. चल तिकडे.

न्यूयॉर्क, 1931. मायकल बर्मन हा तरुण डॉक्टर मेलेल्या माणसांच्या सांध्यांमध्ये एकामागून एक दुर्बीण घालून बघतोय. गुडघा उघडतो, खांदा उघडतो. खुबा उघडत नाही. वीस खुब्यांत प्रयत्न करून त्याने लिहून ठेवलं की मांडीच्या हाडाचा गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सुईसुद्धा घालणं उघड उघड अशक्य आहे. त्याला दिसला तो गोळ्याचा वाटीबाहेरचा भाग, आणि मानेभोवतीचं आवरण.

चुकीचं नव्हतं त्याचं. टेबलाजवळ जाऊन बघ ना. गोळा वाटीत नुसता ठेवलेला नसतो. तो ओढून धरलेला असतो, आणि धरून ठेवणारी झालर तीच, जिला तुझ्यात चीर गेलीय. ती गोळ्याला घट्ट चिकटून बसते, आतला पातळ द्रव बाहेर जाऊ देत नाही, बाहेरचं काही आत येऊ देत नाही. गोळा ओढायला जावं तर आत पोकळी तयार होते आणि ती त्याला परत खेचते. ओल्या डब्याचं झाकण जसं निघता निघत नाही, तसं. झालर धड असली तर वजन पडतं तेव्हा द्रवाची गादी टिकते आणि हाडांवरच्या कूर्चा एकमेकींना थेट घासत नाहीत. फाटली की गादी गळते, आणि झालरीत मज्जातंतू असल्यामुळे दुखतंसुद्धा. आता तुला कळलं असेल की तुझी कळ आणि बर्मनची हार एकाच झालरीमुळे आहे.

नंतरची पन्नासेक वर्षं लाँच वेगात कापते. किनारे दिसतात न दिसतात. 1977 मध्ये लहान मुलांच्या निसटलेल्या खुब्यात कुणी डोकावलं. 1986 मध्ये जपानमधल्या सुझुकी आणि सहकाऱ्यांनी फाटलेलं लॅब्रम दुर्बिणीतून ओळखल्याचं छापलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेम्स ग्लिकने रोग्याला कुशीवर निजवून पाय ओढायची रीत बसवली. पाय ओढणं ही या साऱ्याची किल्ली होती, आणि ती बघायला तुला नॅशव्हिलला उतरायचंय.

अमेरिका, टेनेसी राज्य, नव्वदचं दशक. थॉमस बर्ड या सर्जनचं ऑपरेशन थिएटर. ‘सी’ची खूण लोकांच्या ध्यानात आणून देणारा हाच. रोगी उताणा, भूल दिलेला. पाऊल जाड गादीच्या बुटात बांधलेलं, दोन पायांच्या मधे गुंडाळलेला खांब, आणि यंत्राने पाय हळूहळू ओढला जातोय. एक्स-रेच्या पडद्यावर तुझे डोळे ठेव. आधी गोळा आणि वाटी एकमेकांना चिकटलेली. मग एक लांब सुई आत जाते, पोकळी फुटते, आणि गोळा एकदम खाली उतरतो. सेंटिमीटरभर जागा. बर्मन ज्याला अशक्य म्हणाला होता ती एवढीच जागा होती, आणि ती उघडली ओढलेल्या पायाने आणि एका सुईच्या वाटे आत गेलेल्या हवेने.

घाई आहे. पाय असा ताणून फार वेळ ठेवता येत नाही. नसा दबतात, जांघेत किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहू शकतो, बहुतेकदा काही दिवसांचा किंवा आठवड्यांचा. दुर्बीण आत जाते. पडद्यावर गुलाबी-पांढरी वाटी, काठाला लोंबणारी चिंधी. बर्ड ती चिंधी छाटतो, काठ गुळगुळीत करतो. शिवत नाही. छाटतो. त्या काळी खुब्याच्या आतलं शिवणकाम फार थोड्यांना जमत होतं.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर प्रत्येक रोगी एक फॉर्म भरतो. तूही एक भरून बघ, कारण पुढे जे आकडे ऐकशील ते या फॉर्मचे आहेत. विल्यम हॅरिस या बॉस्टनच्या सर्जनने तो 1969 मध्ये बनवला. शंभरपैकी 44 गुण दुखण्याला. उरलेले बहुतेक चालण्याला आणि रोजच्या कामांना: जिना चढता येतो का, आणि कठड्याला धरून की न धरता? मोजे आणि बूट घालता येतात का? साध्या खुर्चीत एक तास आरामात बसता येतं का? बसमध्ये किंवा गाडीत चढता येतं का?

तू पेन हातात धरून थांबतेस. मोजे तू कधी घातलेच नाहीत. खुर्चीत तासभर बसायला कुणाला वेळ आहे? उकिडवं बसता येतं का, पाट्यावर वाटण वाटता येतं का, बोटीच्या काठावरून उडी मारून उतरता येतं का, डोक्यावर पाटी असताना धक्क्याची पायरी चढता येते का, मांडी घालून जेवता येतं का, यातलं फॉर्मवर काही नाही. तुला इथे नव्वद गुण मिळू शकतील आणि करंजाला तू तरीही उभीच राहशील. ताकागीचा जमिनीवर बसणारा माणूस या कागदावरून गळून पडलाय. पुढच्या काळातल्या फॉर्ममध्ये तो थोडा परत आला: 2006 च्या एका फॉर्ममध्ये खोल उकिडवं बसण्याचा प्रश्न आहे, 2012 च्या दुसऱ्यात जमिनीवरून उठण्या-बसण्याचा. पण सर्वांत जुने रोगी मोजले गेले ते याच मोजे-बुटांच्या फॉर्मवर.

आता त्याच शहरात दहा वर्षं पुढे ये. तुझा प्रश्न जिथे पहिल्यांदा धडपणे सुटला ते ठिकाण हे. फाटलेल्या लॅब्रमसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेले 26 लोक, आणि दहा वर्षांनी सगळ्यांचा पत्ता लागलेला, एकही हरवलेला नाही. हा अभ्यास 2009 मध्ये छापला गेला. ते सगळे एका खोलीत बसलेत असं धर. त्यातले 18 जण एका बाजूला. ऑपरेशनच्या वेळी त्यांच्या सांध्यात झीज नव्हती. अठरांपैकी पंधरा अजून मजेत आहेत, दहा वर्षांनंतरही. दुसऱ्या बाजूच्या खुर्च्यांवर आठ. यांची कूर्चा ऑपरेशनच्या वेळीच घासलेली होती. आठांपैकी सातांचा खुबा आता धातूचा आहे. सरासरी 63 महिन्यांत, म्हणजे सव्वापाच वर्षांत, त्यांना तो बदलून घ्यावा लागला.

फाटलेली झालर दोन्हीकडे होती. छाटणारा हात एकच. फरक पडला तो झालरीच्या खालच्या कूर्चेमुळे. मला विचारशील तर एवढ्या प्रवासातलं तुझ्या सर्वांत उपयोगाचं दृश्य हेच. सव्वीस माणसं म्हणजे फार नव्हेत, हे खरं, पण नंतरच्या मोठ्या अभ्यासांनीही बोट तिकडेच दाखवलं.

मग चीर पडतेच का? हे बर्डच्या पहिल्या रोग्यांना नीट सांगणारं कुणी नव्हतं. ते उत्तर स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात तयार होत होतं. राइनहोल्ड गांझ हा सर्जन दुर्बिणीने काम करत नव्हता. तो खुबा सरळ उघडून, गोळा वाटीतून बाहेर काढून बघत होता. हे धोक्याचं, कारण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाड मरतं. त्याने रक्तवाहिनी सांभाळून हे करायची रीत बसवली आणि 2001 मध्ये 213 खुबे असे उघडल्याचं छापलं, एकाचंही हाड न मरता. उघडल्यावर त्याला काय दिसलं, ते 2003 च्या लेखात आहे. कित्येकांच्या गोळ्याच्या मानेपाशी हाडाचा उंचवटा असतो, गोळा पुरता गोल नसतो. काहींच्या वाटीचा काठच जास्त पुढे आलेला असतो. पाय पोटाशी दुमडला की उंचवटा काठावर आपटतो आणि मधे सापडते ती झालर. दारात बोट चेमटल्यासारखं वाटतं, असं तू म्हणाली होतीस. तसंच आहे ते.

आता मागे वळून नॅशव्हिलच्या त्या खोलीकडे बघ. त्यांची चिंधी छाटली गेली. पण नव्वदच्या दशकात उंचवटा शोधून घासायचा असतो हे दुर्बिणीने काम करणाऱ्यांच्या फारसं डोक्यात नव्हतं. दारातलं बोट सोडवलं आणि दार तसंच आपटत राहिलं, असं काहींच्या बाबतीत झालं असणार. आज तुझा डॉक्टर झालर छाटणार नाही, अँकर ठोकून धाग्याने काठाला शिवेल, आणि उंचवटा असला तर बारीक यंत्राने घासून गोळा गोल करेल. म्हणजे तू ज्यांची दहा वर्षं बघून आलीस त्यांचं ऑपरेशन वेगळं होतं. ही या प्रवासातली मेख आहे आणि ती काढता येत नाही. दहा वर्षांचा निकाल हाती येतो तोवर ऑपरेशन बदललेलं असतं. नव्या ऑपरेशनची दहा वर्षं भरायला आणखी दहा वर्षं लागतात. जुना उजेड आता पोचणाऱ्या ताऱ्यांसारखी गत, असं एखादा कवी म्हणेल. तू खाडीवरची, तुला ओहोटीवरून कळेल. गाळावरची ओली रेघ दिसते तेव्हा भरती होऊन गेलेली असते.

तरी शिवलेल्यांचीही दहा वर्षं एकदा भरली. कोलोराडोतल्या वेल या बर्फाच्या गावी मार्क फिलिपॉन या सर्जनने आपल्या रोग्यांचा हिशोब 2017 मध्ये सहकाऱ्यांबरोबर मांडला. 154 खुबे, त्यातले 79 शिवलेले आणि 75 छाटलेले, उंचवटाही घासलेला. दहा वर्षांत दर शंभरामागे 34 जणांना कृत्रिम खुबा बसवावा लागला. शिवलेल्यांत आणि छाटलेल्यांत त्या बाबतीत फरक दिसला नाही. तुला वाटत होतं शिवलं की सुटलं. मलाही वाटत होतं. पण पुढचा खुबा कुणाचा टिकेल हे झालरीच्या टाक्यांनी ठरलं नाही. जे वयाने मोठे होते, ज्यांच्या कूर्चेला आत भोकं पाडून डागडुजी करावी लागली, आणि ज्यांच्या एक्स-रेमध्ये गोळा आणि वाटी यांच्यातली फट 2 मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती, त्यांचे खुबे जास्त गेले. आणि हे एका निष्णात हाताचे आकडे. जो हात वर्षातून चारच खुबे करतो त्याचे कसे असतील, याचा अंदाज तूच कर.

उरलेल्या दोन तृतीयांश लोकांचा स्वतःचा खुबा दहा वर्षांनंतरही जागेवर होता, हेही त्याच हिशोबात आहे. माणसं भीतीचा आकडा लक्षात ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

टीव्हीवर टेनिस बघणाऱ्या तुझ्या मुलाला अँडी मरे ठाऊक असेल. जानेवारी 2018 मध्ये मेलबर्नला त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली. दुखणं गेलं नाही. वर्षभरात, जानेवारी 2019 मध्ये, लंडनला गोळ्यावर धातूची टोपी आणि वाटीत धातूची वाटी बसली. त्याच ऑक्टोबरात अँटवर्पची स्पर्धा जिंकून तो 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत खेळला. म्हणजे धातूचा खुबा म्हणजे सगळं संपलं असंही नाही. पण मरेला उकिडवं बसून मांदेली निवडायची नव्हती. पूर्ण बदललेल्या खुब्याच्या माणसाला आपल्याकडे डॉक्टर मांडी आणि उकिडवं दोन्ही टाळायला सांगतात, कारण गोळा निसटायची भीती असते. म्हणूनच तुझ्या बाबतीत ‘आपला खुबा टिकणं’ आणि ‘दुखणं थांबणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक थांबा, ब्रिटनचा. इथे कुणाला दहा वर्षं मोजायची नव्हती, इथे वेगळाच प्रश्न होता: ऑपरेशन न करता नुसता व्यायाम केला तर? 23 रुग्णालयांत 348 लोक. चिठ्ठी टाकावी तसे अर्धे ऑपरेशनला, अर्धे फिजिओथेरपिस्टकडे. व्यायाम म्हणजे छापील कागद हातात देऊन घरी पाठवणं नव्हे. तीन ते सहा महिन्यांत सहा ते दहा वेळा समोरासमोर बसून, त्या माणसाच्या खुब्यासाठी आखलेला. वर्षाने शंभरच्या मापावर ऑपरेशनवाले 58.8, व्यायामवाले 49.7. सुरुवातीचा फरक वजा करून 6.8 गुणांनी ऑपरेशन सरस. 2018 मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापलं गेलं. दोन्ही गट आधीपेक्षा बरे झाले होते. ऑपरेशन जिंकलं, पण थोडक्यात, आणि एका वर्षाच्या शर्यतीत.

ओहोटी लागत आली. रेवसच्या बाजूला गाळ वर यायला लागला की लाँच थांबते, तेव्हा परतायला हवं.

परतीच्या लाँचमध्ये बाकावर दहा-बाराजणी बसल्यात. पाट्या रिकाम्या, काही जणी पायाशी पाय मुडपून, काही सरळ मांडी घालून. कुणाला काही दुखत नाही. या सगळ्यांचा एमआरआय काढला तर? असाच प्रयोग अमेरिकेत 2012 मध्ये छापला गेला. खुबा कधीही न दुखलेले 45 लोक, सरासरी वय 38 च्या आसपास, उत्तम यंत्रावर फिल्म काढली. त्यांच्यातल्या 69 टक्के खुब्यांत लॅब्रम फाटलेलं दिसलं. म्हणजे समोर मांडी घालून हसणाऱ्या या बायकांपैकी निम्म्यांहून जास्त जणींची झालर कदाचित तुझ्यासारखीच असेल. फिल्मवरची चीर म्हणजे दुखण्याचा पुरावा नव्हे. दुखरी जागा बधिर करणारं इंजेक्शन सांध्यात देऊन कळ थांबते का ते डॉक्टर बघतात, ते याचसाठी. तुझ्या डॉक्टरने ते केलं होतं का, आठवून बघ.

करंजा. धक्का. ऊन चढलंय. मांदेलीचा ढीग निम्म्यावर आलाय. तू बसत नाहीस. मासळीचा रिकामा क्रेट उलटा घालतेस आणि त्याच्यावर टेकतेस. गुडघे छातीपर्यंत येत नाहीत, कळ येत नाही. हात ढिगापर्यंत पोचायला थोडं वाकावं लागतं, एवढंच. बाजूची एकदा बघते, काही बोलत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मोऱ्याहून लाँच धरायची आहे. उंचवटा आहे का आणि तो घासणार का, हे विचारायचंय. आधी तीन महिने व्यायाम धडपणे करून बघितला तर काही बिघडेल का, तेही. आणि ऑपरेशन ठरलंच तर कधी, याचा हिशोब तू मनात मांडून ठेवलायस: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, कुबड्या तेवढ्यात उरकतील. उकिडवं बसायला मात्र नारळी पौर्णिमा उलटून गेलेली असेल, डॉक्टर त्याहून लांबवेल. घरात ते सांगायचं बाकी आहे.

दुपारी बर्फ उतरेपर्यंत थोडा वेळ मिळतो. पिशवीतून तू मोठं पाकीट काढतेस. एमआरआयची फिल्म बाजूला ठेवून तिच्या मागची एक्स-रेची साधी फिल्म काढतेस, जिच्याकडे त्या दिवशी कुणी फारसं बघितलं नव्हतं, आणि उन्हासमोर धरतेस. पांढरी वाटी, पांढरा गोळा, मधे काळी रेघ. कमरेच्या बटव्यातून काडेपेटी. एक काडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. फिल्म लहान-मोठी छापलेली असते, डॉक्टर मोजेल तेच खरं, हे तुला ठाऊक आहे. तरी तू काडी त्या काळ्या रेघेवर आडवी ठेवून एक डोळा मिटतेस.

“काय बघतेस गो?”

“फट.”

“मंग?”

“काडी मावते,” तू म्हणतेस, आणि फिल्म पाकिटात घालून क्रेटवर सरकून बसतेस.